यादीबाहेर

जतच्या पुढं डांबर संपतं, मग खडी संपते,
मग टेम्पोवाला सदाशिव कोष्टी म्हणतो,
"हितनं तुमचं पाय."
आम्ही अकरा जण उतरलो.
मगदूम सरांनी टोप्या मोजल्या, बाटल्या मोजल्या,
वहीचं कोरं पान काढून वर तारीख घातली.

घळीचं नाव काय, विचारलं तर मायाप्पा हाक्के म्हणाले,
"घळच म्हणत्यात. दुसरी हाय कुठं?"
मेंढरं पोराच्या हवाली करून ते पुढं निघालेले,
पायात टायरच्या चपला,
खांद्यावर घोंगडं, फेब्रुवारीच्या उन्हात.

उतार असा, की बोलणं आपोआप थांबलं.
कुसळं मोज्यांत शिरली.
मी गुडघ्याचं निमित्त करून मागं राहिले,
खरं तर मला ऐकायचं होतं
अकरा माणसं गेल्यावर मुरूम काय बोलतो ते.
काही बोलला नाही. थोडा घसरला, इतकंच.

खाली ओढा होता. म्हणजे ओढ्याची जागा.
पाणी वळलं असतं तिथं वळलेली वाळू,
पाणी थांबलं असतं तिथं तडकलेला गाळ.
माणूस उठून गेलेला, आणि उशीवर
डोक्याचा खळगा अजून तसाच, असं काहीतरी.

सर हजेरी घेत चालले होते:
हिवर. तरवड. बोराटी. हेकळ.
हिवराच्या काट्यावर एक नाकतोडा टोचलेला.
"खाटकाचं काम. हा पक्षी शिकार टांगून ठेवतो, उद्यासाठी."
तन्झीला मिरजेच्या बँकेत ठेवींच्या खिडकीवर बसते,
ती निरखून बघत म्हणाली, "मुदत ठेव."
घळीत पहिल्यांदा हसू घुमलं,
आणि वरच्या कपारीतून एक घोरपड
आमच्याकडं पाठ करून निघून गेली.

बारा वाजता कड्याला कमरेएवढी सावली उरली.
तीत अकरा जण आणि एक घोंगडं.
भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुणाचा तरी थेपला.
मायाप्पा जेवता जेवता डाव्या हातानं वाळू सारत होते,
उगाच सारतात तशी,
पण उगाच नव्हती.
खाली काळा कातळ निघाला, कातळावर रेघा,
उभ्या, आडव्या, तिरक्या,
छेद बोटांनी घासून गुळगुळीत झालेले.

सरांनी चष्मा पुसला. आवाज खाली आणून म्हणाले,
"शिलालेख?"
"वाघबकरी," मायाप्पा म्हणाले.
"आज्यानं कोरली का त्येच्या आज्यानं, कुणाला ठावं.
पाणी असायचं तवा मेंढरं प्यायची, तवर एक डाव हुयाचा."
पाणी असायचं तवा, हे त्यांनी असं म्हटलं
जसं आपण म्हणतो,
थोरला पुण्याला असायचा तेव्हा.

बकऱ्यांना खडे मिळाले. वाघांना काही मिळेना,
मग माझ्या आणि तन्झीलाच्या बाटलीची निळी टोपणं.
एका रेघेवरून आडवा तडा गेलेला.
"हितनं वाघाला जाता येत न्हाई," मायाप्पा म्हणाले.
"हा नियम आहे?"
"आता हाय."

पहिला डाव वाघांनी खाल्ला, आठ मिनिटांत.
दुसऱ्याला तन्झीलानं पदर कमरेला खोचावा
तशी ओढणी खोचली.
कुणी दुर्बीण उचलली नाही.
डोक्यावरून कापशी गेली असेल, गेली नसेल,
वहीत ती नाही.
तिनं एक वाघ कड्याशी दाबला,
दुसरा तड्याशी नेऊन कोंडला,
आणि मायाप्पा हरून इतके खूश झाले
की त्यांना खोकला लागला.

वरून सदाशिवनं हॉर्न मारला. एकदा, मग लांबलचक.
मायाप्पांनी पट मुठी मुठीनं पुन्हा झाकला,
"उन्हानं फुटतंय."
मी टोपणासाठी हात पुढं केला,
तर ती त्यांच्या मुंडाशाच्या गाठीत गेलेली.
"ऱ्हाऊं द्या. पोराला वाघ लागतील."

वनस्पती चौतीस, पक्षी अकरा, सरपटणारा एक.
खाली रेघ मारून सरांनी, नेहमी इतके काटेकोर सरांनी,
लिहिलं: वाघ, दोन. कोंडलेले.

कवठेमहांकाळ मागं पडलं, अंधार झाला, सगळे झोपले.
मी आणि तन्झीला तेवढ्या जाग्या,
दोघींच्या हातात उघड्या बाटल्या,
प्रत्येक खड्ड्याला
पाणी तोलत.